सहावा चिंचोका

हे मराठीत लिहितोय त्याचं एक कारण असं की आमच्या क्लबमध्ये मराठी वाचता येणारं कोणी नाही. दोघं केरळचे आहेत, एक श्रीलंकेचा, बाकी सगळे इथलेच गोरे. फक्त कोणाला गूगल ट्रान्सलेटची बुद्धी होऊ नये म्हणजे मिळवली.

मी इंग्लंडात, हॅम्पशायरमध्ये पीटर्सफील्डजवळच्या एका खेड्यात राहतो. सोमवार ते शुक्रवार सॉफ्टवेअर टेस्टिंग, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधून काढायचा पगार घेतो. शनिवारची नोकरी बिनपगारी, गावच्या क्रिकेट टीमचा अंपायर. आधी खेळायचो, मग गुडघ्याने राम म्हटला, तेव्हा अंपायरिंगचा कोर्स केला आणि पांढरा कोट चढवला. आमच्या डिव्हिजनला लीगकडून अंपायर येत नाहीत, बॅटिंग करणाऱ्या टीमचेच दोघं उभे राहतात, एखादा आऊट होऊन येतो, पॅड सोडतो आणि कोट घालून परत मैदानात जातो. मी असलो की एका एंडला पूर्ण मॅच मी, दुसऱ्या एंडला ज्याची पाळी असेल तो. म्हणजे वेळ आली तर आपल्याच माणसाला आऊट द्यायचं, आणि संध्याकाळी त्याच्याच गाडीतून घरी यायचं.

बॉल मोजायला बाकीच्यांकडे ते बोटाने फिरवायचं काउंटर असतं. माझ्याकडे सहा चिंचोके. मागे आईने चिंच दिली होती तिच्यातून निघालेले, धुवून वाळवून ठेवलेत. ओव्हर सुरू होताना सहाही डाव्या खिशात, बॉल पडला की एक उजव्या खिशात, डावा रिकामा झाला की ओव्हर. चार सीझनमध्ये एकदाही चुकलो नव्हतो, आणि हे मी लोकांना पबमध्ये सांगत पण असायचो, ते आता आठवलं की कसंतरी होतं.

तर जुलैमधला शनिवार, अवे मॅच, मिऑन व्हॅलीतल्या एका गावात. आमचा कॅप्टन पेशाने प्लंबर, त्याच्या व्हॅनमध्ये पुढे तो, मी आणि त्याची बारा वर्षांची मुलगी, मागे पाइप, कमोडचे पार्ट आणि आमच्या किट बॅगा. मुलगी आमची स्कोअरर, पहिलंच वर्ष. जाताना मी मुद्दाम हॅम्बलडनवरून गाडी घ्यायला लावतो. तिथे ब्रॉडहाफपेनी डाऊनवर ते जुनं ग्राउंड आहे, समोर बॅट अँड बॉल नावाचं पब, आणि एक दगडी स्मारक. अठराव्या शतकात या एवढ्याशा गावाचा क्लब अख्ख्या इंग्लंडच्या टीमला हरवायचा, १७७७ मध्ये तर एक डाव आणि १६८ धावांनी. आपल्याकडे देवळासमोरून जाताना हात कपाळाला जातो ना, तसा माझा तिथे जातो. मग पोरीला मी माझी आवडती गोष्ट सांगितली, की तेव्हा स्टंप दोनच असायचे. १७७५ मध्ये लंडनला एका मॅचमध्ये स्टीव्हन्स नावाच्या बोलरने, त्याला लम्पी म्हणायचे, हॅम्बलडनच्या जॉन स्मॉलला तीन वेळा चकवलं आणि तिन्ही वेळा बॉल दोन स्टंपच्या मधून आरपार गेला, बेल पडली नाही म्हणून स्मॉल नॉट आऊट. त्यानंतर मधला स्टंप आला. हा स्मॉल आमच्या पीटर्सफील्डचाच, आधी चपला-बूट शिवायचा, नंतर बॅट-बॉल बनवायला लागला. कॅप्टन म्हणाला, म्हणजे मिडल स्टंप आपल्याच माणसामुळे आला म्हण की. हे वाक्य लक्षात ठेवा.

मॅचचा पहिला अर्धा भाग थोडक्यात सांगतो कारण त्यात सांगण्यासारखं काही नाही आणि लाजच जास्त. टॉस हरलो, त्यांनी बॅटिंग घेतली, आम्ही तीन कॅच सोडले, त्यातला एक आमच्या ६७ वर्षांच्या कीपरच्या ग्लव्हजमधून पोटावर, पोटावरून गवतात. ग्राउंड एका बाजूने उतरतं, त्यामुळे एक बाउंड्री अशी की नुसता धक्का दिला तरी बॉल आपोआप कुंपणाला. ४० ओव्हरमध्ये १८६ ला ७. मधल्या वेळेत चहा. कोविडनंतर बऱ्याच ठिकाणी चहाची पद्धत बंदच पडली, ज्याने त्याने आपला डबा आणायचा, पण या गावाने ती टिकवलीय, अंड्याची सँडविचेस, स्कोन, जॅम. मी खाल्लं भरपूर, खोटं कशाला बोलू.

मग आमची बॅटिंग. सुरुवातीला पडझड, पण कॅप्टन टिकला आणि त्याच्या जोडीला सतरा वर्षांचं एक पोरगं आलं, परीक्षा नुकतीच संपलेली, डोक्यात काही नाही, दिसेल तो बॉल उचलायचा. २८ वी ओव्हर माझ्या एंडची. पोऱ्याने पहिला बॉल चौका, दुसरा डॉट, तिसरा चौका, चौथा डॉट. पाचवा पॅडला लागून गेला, एक लेगबाय. आता लेगबायचा सिग्नल म्हणजे गुडघा उचलून त्यावर हात मारायचा, आणि माझा तोच गुडघा बोंबललेला, त्यामुळे मी एका पायावर जरा डुललो, सावरलो, चिंचोका इकडचा तिकडे केला, डावा खिसा चाचपला, रिकामा. ‘ओव्हर!’ स्कोअररच्या टेबलाकडे बघितलं तर आमची पोरगी उभी, हात वर, पाचही बोटं पसरलेली. सिग्नल मिळाला की स्कोअररने हात वर करायचा असतो, मला वाटलं काय मन लावून करते बघा, मी पण हसून हात केला.

स्क्वेअर लेगला जाऊन उभा राहिलो. मी दोन ओव्हरच्या मधे उजव्या खिशातले चिंचोके मुठीत घेऊन पुन्हा डाव्यात टाकतो, तर मूठ हलकी लागली. उघडून बघितली. पाच.

समोर पुढच्या ओव्हरचा बोलर पळत सुटलेला. मी तळहात पुढे धरून उभा, त्यात पाच चिंचोके, तपकिरी, चकचकीत, वापरून वापरून गुळगुळीत झालेले, आणि मी ते परत परत मोजतोय जसं काय मोजल्याने सहावा येणार आहे. डाव्या खिशात बोट घातलं तर तळाला शिवण उसवलेली, बोट थेट अस्तरात. बॉल पडला, एक रन झाला, खेळ पुढे गेला.

आता नियम सांगतो. नियम १७ मध्ये स्पष्ट आहे, अंपायरने बॉल मोजण्यात चूक केली तर त्याने मोजली तीच ओव्हर धरायची. म्हणजे कागदावर काहीही बिघडलेलं नव्हतं. आणि पाचव्या बॉलला एक पळून झालेला, म्हणजे न पडलेला सहावा बॉल खेळायला कॅप्टन असता. ५० च्या पुढे गेलेला, सेट झालेला कॅप्टन. हे माझ्या डोक्यात तेव्हाच आलं, नंतर नाही. तरी मी गप्प बसलो. खिशातलं एक पेनीचं नाणं काढलं आणि सहाव्याच्या जागी ठेवलं.

३४ वी ओव्हर, परत माझा एंड. त्यांचा ऑफ स्पिनर, जाडजूड माणूस, दोन पावलं चालत येऊन टाकणारा. चौथा बॉल, कॅप्टनने गुडघा टेकून स्वीप मारायला बॅट फिरवली, बॉल बॅटखालून गेला आणि थेट पुढच्या पॅडवर, खाली, बुटाच्या जरा वर. अपील तर अशी की शेजारच्या शेतातल्या गाई बघायला लागल्या.

मी अपील झाली की मनात तीन अंक मोजतो. त्या तीन अंकांत काय काय आलं ते सांगतो. एक, टप्पा लेग स्टंपच्या बाहेर नाही. दोन, पाय मिडल स्टंपच्या समोर, आणि बॉल कुठेही जाण्याइतका वळलेला नाही. आणि तीनला, क्रिकेटशी ज्याचा काही संबंध नाही असं, की अरे, याचा एक बॉल तू खाल्लायस, आत्ता नुसती मान हलव, फिटंफाट. कोणाला कळणार होतं? स्वीपला नॉट आऊट देणारे अंपायर काय कमी आहेत का. बोट वर गेलं. ते कसं गेलं हे मला अजून नीट सांगता येत नाही, सवयीने गेलं असावं.

कॅप्टन बोलला काही नाही. माझ्याकडे बघितलं, बॅटकडे बघितलं, आणि चालायला लागला. ६१ रन. १४८ ला ५, अजून ३९ हवे होते आणि ३८ बॉल शिल्लक, म्हणजे मॅच हातातली होती खरंतर. पण मग पोऱ्या उचलून मारायला गेला आणि कॅच, श्रीलंकेचा रनआऊट, त्याच्या मागून आणखी दोघं. शेवटच्या ओव्हरला ९ हवे, शेवटची जोडी, आमचा कीपर आणि केरळचा एक, जो आठवडाभर हॉस्पिटलात नाइट शिफ्ट करून आला होता. ओव्हर माझ्याच एंडची. मी प्रत्येक बॉलनंतर चिंचोके आणि पेनी दोन-दोनदा मोजत होतो. पाच रन झाले. १८३ ला ९. तीन रननी हरलो.

मॅचनंतर त्यांच्या क्लबरूममध्ये सगळी चर्चा एलबीडब्ल्यूचीच. आपलाच अंपायर, आपलाच कॅप्टन, ६१ वर. तोंडावर कोणी बोलत नाही ही इथली रीत, पण मी बिअर घ्यायला गेलो की टेबल शांत व्हायचं. आणि गंमत म्हणजे तो डिसिजन बरोबर होता, शंभर टक्के, त्याची मला आजही काडीची खंत नाही.

कोपऱ्यात पोरगी स्कोअरबुक मिटवत बसली होती. मला बघून तिने पान उलटं केलं आणि बोट ठेवलं. बोलरच्या प्रत्येक ओव्हरला एक चौकोन असतो, त्यात सहा खुणा बसवायच्या. २८ व्या ओव्हरच्या चौकोनात पाच होत्या, सहावीची जागा कोरी, आणि बाजूला पेन्सिलीने बारीकसं प्रश्नचिन्ह.

‘मी पाच बोटं दाखवली होती,’ ती म्हणाली. ‘तुम्ही हात हलवलात.’

मी नियम १७ सांगितला. तिने ऐकून घेतला.

‘म्हणजे चालतं?’

‘चालतं.’

‘पण तुम्ही चुकलात.’

‘हो.’

तिने जरा विचार केला, खोडरबर काढला आणि प्रश्नचिन्ह पुसलं. पाच खुणा तशाच ठेवल्या. बापाला सांगणार का, हे मी विचारलं नाही, बारा वर्षांच्या पोरीला असं विचारायचं म्हणजे आपली पायरी आपणच सोडायची.

परतीला व्हॅनमध्ये कोणी बोलेना, मागे पाइपांचा खडखडाट तेवढा. ब्रॉडहाफपेनीच्या चढावर कॅप्टन एकदम म्हणाला, ‘लेगला जात होता रे तो.’ मी म्हटलं, ‘मिडल होता.’ तो म्हणाला, ‘तो स्टंप आणायलाच नको होता,’ आणि हसला, आणि खरं सांगतो, तो चिडला असता तर मला सोपं गेलं असतं. मधे पोरगी बसलेली, मांडीवर स्कोअरबुक, समोर रस्त्याकडे बघत.

रविवारी कोट धुवायला काढला तर अस्तरात खाली, पार कडेला काहीतरी टणक लागलं. बायको म्हणाली कापून काढ, मी म्हटलं नको, वरूनच निघेल, आणि अर्धा तास त्याला ढकलत ढकलत भोकापर्यंत आणलं. मग खिसा शिवला, दुहेरी दोऱ्याने.

कॅप्टनला अजून सांगितलेलं नाही. या शनिवारी होम मॅच आहे.