चित्र आणि चित्र बघणारे: सहाव्या महिन्याची नोंद

सहा महिने मी संग्रहालयांत चित्रं बघणाऱ्या लोकांचे, चित्रासकट, फोटो काढतोय. मागच्या नोंदीत म्हटलं होतं की बघणाऱ्याचे कपडे आणि चित्र यांचं मॅचिंग शोधणं बंद करणार, ते खरंच बंद केलंय. निळं जॅकेट आणि निळं चित्र अशी जोडी सापडली की मस्त वाटतं, पण स्टेफान द्राशान या फोटोग्राफरने ते काम वर्षानुवर्षं इतक्या चिकाटीने केलंय की माझ्या फोटोत त्याचीच सावली दिसायला लागली होती. शिवाय रंग जुळला की नजर तिथेच थांबते, माणूस चित्राकडे बघतोय की फोनकडे याने काही फरकच पडत नाही, आणि मला तर तो बघतोय हेच पकडायचंय.

म्हणून या महिन्यात पद्धत उलटी केली. आधी चित्र ठरवायचं, मग माझी जागा, मग फक्त थांबायचं. चार वेळा गेलो, २३० च्या आसपास फ्रेम्स झाल्या, ठेवण्यासारख्या सात. आधी एवढ्यात दोनही निघायच्या नाहीत.

सगळ्यात मोठा फरक अंतराने पडला. जर्मन फोटोग्राफर थॉमस श्ट्रूथचा १९९० चा शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमधला फोटो मी परत परत बघतोय, त्यात फ्रेंच चित्रकार कायबॉटचं पावसातल्या पॅरिसच्या रस्त्याचं १८७७ चं चित्र आहे आणि समोर बाबागाडी घेतलेली एक बाई पाठमोरी उभी आहे. चित्र २.१२ बाय २.७६ मीटरचं, त्यातलं छत्रीवालं जोडपं जवळपास माणसाएवढं, ते आपल्याकडे चालत येतंय आणि ही बाई त्यांच्याकडे तोंड करून. रंगवलेली माणसं आणि खरी माणसं एकाच मापाची वाटतात म्हणून ती एकाच रस्त्यावर असल्यासारखी दिसतात!

आता हे माप आपल्या हातात कसं आणायचं तर साधा हिशोब आहे. मी चित्रापासून साडेतीन मीटरवर ३५ एमएमची (रुंद भाग दाखवणारी) लेन्स लावून उभा असलो आणि बघणारा चित्रापुढे दोन मीटरवर असला, तर तो माझ्यापासून फक्त दीड मीटरवर येतो, म्हणजे चित्रातल्या तेवढ्याच उंचीच्या माणसापेक्षा तो सव्वादोन पटीहून जास्त मोठा दिसणार, नुसती पाठच पाठ. तेच चित्रापासून आठ मीटरवर जाऊन ८५ एमएमची (लांबचं जवळ आणणारी) लेन्स लावली की तो सहा मीटरवर, फरक १.३ पटीवर येतो. पाच महिने मी जवळूनच काढत होतो आणि दोष लेन्सला देत होतो. आता मोठ्या चित्रासाठी दालनाच्या पलीकडच्या दारातच उभा राहतो, दाराची चौकट थोडी फ्रेममध्ये आली तरी चालते.

दुसरं म्हणजे वेळ. लोक आले की बहुतेक जण आधी बाजूची माहितीची पाटी वाचतात, मान वाकडी, चित्राकडे पाठ, तेव्हा क्लिक करण्यात अर्थ नाही. वाचून झालं की चित्राकडे वळतात आणि काही जण एक-दोन पावलं मागे सरकतात. तो क्षण! खांदे सैल पडतात, हात मागे जातात, मान किंचित वर, पाठीवरूनसुद्धा कळतं की आता हा माणूस खरंच बघतोय. एक आजी होत्या, समुद्राच्या मोठ्या चित्रापुढे, पाटी वाचली, मागे सरकल्या, चष्मा काढला आणि तशाच उभ्या राहिल्या. त्यांचं डोकं बरोबर क्षितिजाच्या खाली बसलं होतं, माझ्या सातातली सगळ्यात आवडती तीच. डोकं क्षितिजाच्या रेषेवर आलं असतं तर रेष कानातून गेल्यासारखी दिसली असती, म्हणून मी टाचा उंचावून कॅमेरा थोडा वर घेतला, हे आता सवयीने होतंय.

जे जमत नाहीये ते काळे केस, काळा कोट आणि जुनं गडद तैलचित्र. माणूस चित्रात विरघळून जातो, खांदा कुठे संपतो तेच कळत नाही. उपाय एकच सापडला, बाजूला सरकून त्याला अर्धा चित्रावर आणि अर्धा भिंतीवर घ्यायचा.

सेटिंग विचारतात म्हणून सांगतो. तैलचित्रांच्या दालनात उजेड साधारण १५०–२०० लक्स (उजेड मोजायचं एकक) असतो, तिथे लेन्सचं छिद्र एफ २.८, शटर १/१२५ सेकंद आणि आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १६०० वर काम भागतं. कागदावरची चित्रं ५० लक्सच्या आसपास ठेवतात, तिथे आयएसओ ३२०० ला शटर १/८० सेकंदापेक्षा वेगवान ठेवताच येत नाही. फ्लॅश कधीच नाही, ट्रायपॉडही बहुतेक ठिकाणी चालत नाही. सायलेंट (आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक) शटर छान वाटतं पण काही एलईडीखाली आडवे पट्टे येतात, एक अख्खा दिवस त्यात गेला, आता आधी दोन टेस्ट फ्रेम काढून झूम करून बघतो.

बाकावर बसून कॅमेरा गुडघ्यावर टेकवून १/४ सेकंदावर पण काढलेत, येणारे-जाणारे पुसट होतात आणि जो बघत थांबलाय तेवढाच शार्प राहतो. अजून कच्चं आहे, दहात एक येतो, पण हे सोडणार नाही.

चेहऱ्यांबद्दल माझं मत पक्कं होतंय, ओळखू येईल असा चेहरा असेल तर नंतर जाऊन फोटो दाखवतो, नको म्हणाले तर तिथेच डिलीट, आणि लहान मुलं असली तर आईवडिलांना विचारल्याशिवाय नाहीच. तसंही चेहऱ्याशिवाय काम होतंच, फोटोग्राफर एलियट अर्विटचा १९९५ चा माद्रिदच्या प्रादो संग्रहालयातला फोटो बघा, चित्रकार गोयाची ‘माया’ नावाच्या बाईची दोन चित्रं शेजारी शेजारी, नग्न मायासमोर पुरुषांचा घोळका आणि कपडे घातलेलीसमोर एकटी बाई. सगळे पाठमोरे आणि तरी सगळं कळतं.

पुढच्या महिन्यात शिल्पांच्या दालनात जातोय. श्ट्रूथने २००४ मध्ये फ्लॉरेन्सला मायकलअँजेलोचा डेव्हिड फ्रेमबाहेर ठेवून वर बघणाऱ्या लोकांचे चेहरेच काढले होते. तसे चेहरे घ्यायचे तर परवानगी आधी मागायची की नंतर इथेच अडलोय, कारण आधी विचारलं की माणूस बघायचा थांबतो. कोणी केलं असेल तर कसं केलंत ते नक्की सांगा.