लांबी एकदाची सुकली, आणि सोफा कॅन्सल

सुकली! हॉलच्या रस्त्याकडच्या जुन्या स्टीलच्या खिडकीची लांबी, म्हणजे काच बसवायची पुटी, अखेर सुकली. नख रुतत नाही, बोटाला तेल लागत नाही, आज सकाळी रंगाचा पहिला हातसुद्धा मारून झाला.

मागच्या वेळी झडपा उतरवून गंज खरवडून झिंक फॉस्फेट प्रायमर, म्हणजे रंगाखालचा गंजरोधक थर, मारला, इथपर्यंत लिहिलं होतं. मला वाटलं अवघड काम संपलं, आता काय, काचा बसवायच्या फक्त. काचवाल्याने नेहमीची लांबी आणली, खडूची पूड आणि अळशीचं तेल, लाकडी खिडक्यांना लावतात तीच. लावली मात्र सुरेख, एका हातात तिरकी कापत आणली, कोपरे असे की बघत राहावं. पण गणपती आले, मऊ. गणपती गेले, मऊच. नवरात्रात घट बसले तरी अंगठा दाबला की ठसा उमटतोय. त्यात कावळे! यांना अळशीचं तेल आवडतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पहाटे आडव्या पट्टीवर बसून कोपऱ्यातली लांबी टोचून टोचून खायचे. पितृपक्षात गच्चीवर पान ठेवून तास तास वाट बघितली तेव्हा एक फिरकला नाही, आणि इथे न बोलावता पंगत.

कारण कळलं ते असं की लाकूड लांबीतलं थोडं तेल पिऊन घेतं, म्हणून ती लवकर आवळते. स्टील काही पीत नाही, त्यात आपण वर प्रायमर मारलेला. मग सगळी मदार हवेवर, कारण अळशीचं तेल पाण्यासारखं उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, आणि त्याला वेळ लागतो. सीपीडब्ल्यूडीच्या, म्हणजे केंद्राच्या बांधकाम खात्याच्या कामांत स्टीलच्या खिडक्यांना 'स्पेशल मेटल सॅश पुटी' असं वेगळं लिहिलेलं असतं ते याचसाठी. ती मागायला ठाण्यात जांभळी नाक्याकडच्या दुकानांत फिरलो तर एकाने भिंतीची पुटी काढली, दुसऱ्याने गाडीच्या डेंटवर लावायची. तिसऱ्याने विचारलं, अहो स्टीलच्या खिडक्या अजून आहेत कुणाकडे?

शेवटी वागळे इस्टेटमधले एक रिटायर्ड फॅब्रिकेटर काका भेटले, आयुष्यभर याच खिडक्या बनवलेल्या, चौकट एफ-सेव्हन-डी नंबरच्या स्टीलच्या पट्टीची नि झडप एफ-फोर-बीची हे लांबून बघून सांगतात. ते म्हणाले आम्ही पूर्वी लांबीत शेंदूर घालायचो, दगडासारखी व्हायची. पण तो शेंदूर म्हणजे शिसं, आणि घरात पुतणी रांगतेय, समोर दिसेल ते तोंडात घालते, त्यामुळे तो रस्ता बंद. मग त्यांनीच दुसरा उपाय दिला: तेल कच्चं नको, डबल बॉइल्ड घ्यायचं, त्यात रंगवाल्याकडे मिळतो तो ड्रायर अगदी थोडा, आणि पुरीच्या कणकेइतकी घट्ट मळायची. तशीच करून पुन्हा लावली, तीच ही सुकलेली. आणि चौकटीत जी बारीक भोकं दिसतात ना, जी मी भरून टाकणार होतो, ती क्लिपांची! काच आधी स्प्रिंगच्या क्लिपांवर धरायची, लांबी फक्त सील करायला. पूर्वीच्या कुठल्यातरी काचवाल्याने क्लिपा फेकून दिल्या असणार. काकांनी स्प्रिंगच्या तारेचे तुकडे पक्कडीने वाकवून समोर बसल्या बसल्या ढीगभर करून दिले, पैसे घेतले नाहीत, चहा मात्र दोनदा पाजावा लागला.

काचवाला अजून रुसलेला आहे. त्याचं एकच, सिलिकॉन मारून टाकू ना साहेब, अर्ध्या तासात मोकळे. मी सिलिकॉनच्या विरुद्ध आहे आणि राहणार. त्यावर रंग धरत नाही, आणि उद्या काच फुटली तर ब्लेडने खरवडत बसा. लांबी पटाशीने उडवता येते.

आईचं मत तुम्हाला माहीतच आहे, 'सगळ्या बिल्डिंगने ॲल्युमिनियम केलं, तुलाच काय सोनं लागलंय या गंजक्यांना.' पण दोन ट्रॅकच्या स्लायडिंगमध्ये एका वेळी अर्धीच खिडकी उघडते, आमच्या झडपा पूर्ण उघडतात, वर व्हेंटिलेटर गरम हवा बाहेर काढतो. शिवाय बिजागऱ्या बाहेर काढलेल्या आहेत, त्या फटीतून हात घालून काच बाहेरून पुसता येते. साठ सालच्या माणसांनी डोकं लावलेलं आहे हो.

राहिला डासांचा प्रश्न. झडपा बाहेर उघडतात म्हणजे जाळी आतून, आणि जाळी आतून म्हणजे हँडल आणि पेग स्टे (झडप उघडी धरून ठेवणारी भोकांची दांडी) जाळीच्या मागे. चुंबकाच्या पट्टीवाली जाळी बघितली, दोन महिन्यांत लोंबते. हे लिहिता लिहिताच सुचतंय, की आतून सागाच्या बारीक चौकटीच्या जाळीच्या झडपा लावल्या, आत उघडणाऱ्या, तर? पूर्वी बंगल्यांना असायच्याच की अशा. पण त्या आत उघडल्या की खिडकीखाली ठरवलेल्या सोफ्याच्या पाठीवर आपटणार, म्हणजे सोफा कॅन्सल. तिथे बिनपाठीचा बुटका दिवाण, गादी आणि लोड. खरं तर या हॉलला तेच शोभेल, कापडही कमी लागेल.

हॉलसाठी बघतोय त्या खुर्च्यांचं थोडक्यात. ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात चंडीगडच्या नावाखाली व्ही पायांच्या खुर्च्या चिकार आहेत, विकणारा छातीठोक सांगतो ओरिजिनल पिएर जानरे, म्हणजे चंडीगडच्या सरकारी इमारतींचं फर्निचर करणारा आर्किटेक्ट. खऱ्या खुर्च्या सरकारी ऑफिसांतून भंगारात निघून परदेशी लिलावात लाखोंना गेल्या आणि २०११ मध्ये केंद्राला त्यावर बंदी आणावी लागली, त्या काय माझ्यासाठी ओशिवऱ्यात थांबल्यात? मी एक साधी ऑफिसची हाताची खुर्ची उचलली, साग चांगला आहे, वेत फाटलाय. वेताची रेडीमेड जाळी बसणार नाही, कारण त्याला फ्रेममध्ये खाच लागते आणि हिला भोकं आहेत, म्हणजे हातानेच विणून घ्यायची.

उरलेल्या दोन खिडक्यांना काचा दिवाळीनंतरच. दोन पेग स्टे पार गेलेत, पितळी जुने हवेत, नवीन पत्र्याचे मिळतात ते वाऱ्याने वाकतात. कुणाकडे माळ्यावर पडून असतील तर सांगा, डोंबिवलीपासून पनवेलपर्यंत कुठेही येऊन घेऊन जाईन.