टाइप १ की टाइप २? सेफर्ट दीर्घिकेचा वर्णपट वाचताना

सेफर्ट दीर्घिका, म्हणजे केंद्रातल्या कृष्णविवरात द्रव्य पडत असल्याने जिचा गाभा झगमगतो अशी दीर्घिका, टाइप १ आहे की टाइप २, हे ठरवायला वर्णपटाचा ४८०० ते ५०५० अँगस्ट्रॉम (तरंगलांबीचं एकक) एवढा तुकडा बहुतेक वेळा पुरतो. आधी ताम्रसृतीची, म्हणजे दीर्घिका दूर जात असल्याने रेषा तांबड्या बाजूला सरकतात त्याची, दुरुस्ती करून घ्यायची. मग ४८६१ वर हायड्रोजनची एच-बीटा रेषा सापडते आणि ४९५९ व ५००७ वर ऑक्सिजनची जोडी. या जोडीतली ५००७ ची रेषा दुसरीच्या साधारण तिप्पट प्रखर असायलाच हवी. हे प्रमाण अणूच्या रचनेतून येतं, दीर्घिका कुठलीही असो. ते जुळत नसेल तर तिथेच थांबा. पार्श्वभूमीची वजाबाकी चुकलेली असते किंवा लोहाच्या रेषा मध्ये मिसळलेल्या असतात.

आता रेषांची रुंदी मोजा. ती वेगात सांगतात, कारण वायू जितका वेगाने फिरतो तितकी त्याची रेषा रुंद होते. ऑक्सिजनच्या रेषा दोन्ही प्रकारांत अरुंदच असतात, सेकंदाला काहीशे किलोमीटर. एच-बीटाचा पायथा सेकंदाला हजारो किलोमीटर इतका पसरलेला असेल तर टाइप १, तीही ऑक्सिजनइतकीच अरुंद असेल तर टाइप २. ऑक्सिजन रुंद का होत नाही? कृष्णविवराजवळ, काही प्रकाशदिवसांपासून प्रकाशमहिन्यांपर्यंतच्या अंतरात, जो वायू भन्नाट वेगाने फिरतो तो फार दाट आहे: दर घनसेंटिमीटरला अब्जाहून अधिक कण. तिथे ऑक्सिजनच्या आयनाला ५००७ चा प्रकाश सोडायला उसंतच मिळत नाही, त्याआधीच टक्कर होऊन त्याची ऊर्जा जाते. ही 'निषिद्ध' रेषा शेकडो-हजारो प्रकाशवर्षं दूरच्या विरळ, संथ वायूतूनच येते.

सगळ्यात जास्त चुका हायड्रोजनच्याच दुसऱ्या रेषेपाशी, एच-अल्फापाशी होतात. ६५६३ च्या दोन्ही बाजूंना, ६५४८ आणि ६५८४ वर, नायट्रोजनच्या रेषा आहेत. त्या दोघींमधलं अंतर वेगात मांडलं तर सेकंदाला सुमारे १६०० किलोमीटर होतं. वर्णपटाचं विभेदन कमी असेल तर तिन्ही रेषा मिळून एक ऐसपैस उंचवटा दिसतो आणि टाइप २ ला हकनाक टाइप १.९ (फक्त एच-अल्फाच रुंद दिसते असा मधला प्रकार) म्हटलं जातं. उपाय साधा आहे: ६७१६ आणि ६७३१ वरच्या गंधकाच्या रेषांचा आकार साचा म्हणून घ्या, तोच तिन्ही रेषांवर बसवा. तरीही खाली काही उरलं, तरच रुंद घटक माना.

दुसरी चूक ताऱ्यांच्या प्रकाशाची. दीर्घिकेतले ए वर्गाचे तारे एच-बीटापाशी खोल शोषण करतात, त्यामुळे उत्सर्जन कमी भरतं आणि ऑक्सिजनचं एच-बीटाशी असलेलं गुणोत्तर उगाच फुगतं. ताऱ्यांचा वाटा वजा केल्याशिवाय गुणोत्तर काढूच नये.

पण टाइप २ मध्ये रुंद रेषा खरंच नसतात का? तिमिंगल तारकासमूहातली एनजीसी १०६८, म्हणजेच एम ७७, कार्ल सेफर्ट यांच्या १९४३ च्या यादीतली, टाइप २ चा नमुनाच. १९८५ मध्ये अँटोनुची आणि मिलर यांनी तिचा फक्त ध्रुवित (एकाच दिशेत कंप पावणारा) प्रकाश वेगळा काढला, आणि त्यात हायड्रोजनच्या रुंद रेषा होत्या! केंद्र आपल्यापासून धुळीच्या जाड कड्याआड लपलेलं आहे. कड्याच्या वरच्या तोंडातून निसटलेला प्रकाश तिथल्या इलेक्ट्रॉनांवर विखुरतो, ध्रुवित होतो आणि वळसा घेऊन आपल्याकडे पोचतो. आरशात बघून आडोशामागचा दिवा ओळखावा तसं. माझ्या मते या विषयातलं हे सर्वांत देखणं निरीक्षण आहे.

म्हणून सगळा फरक बघण्याच्या कोनाचाच, असं मात्र समजू नये. मार्केरियन १०१८ ही १९८० च्या दशकात टाइप १.९ वरून १ झाली आणि पुढे तीसेक वर्षांनी परत १.९ वर आली. एवढ्यात काही कोन बदलत नाही. कृष्णविवरात पडणारं द्रव्यच कमीजास्त झालं.

रेडिओत कोनाचा हिशेब अधिक सरळ आहे. काही दीर्घिकांच्या कृष्णविवराजवळून द्रव्याचा झोत निघतो. तो थेट आपल्याकडे रोखलेला असेल तर ब्लेझार, आडवा असेल तर रेडिओ दीर्घिका. तिचे पुढे दोन गट पडतात: केंद्राजवळ तेजस्वी ती एफआर (फॅनारॉफ-रायली) १, टोकांना तेजस्वी ती एफआर २. हे ठरवताना नुसत्या उच्च वारंवारतेच्या नकाशावर विसंबू नका, त्यात झोताने फुगवलेले जुने थकलेले फुगे मावळलेले असतात. ते कमी वारंवारतेलाच नीट दिसतात, आणि त्यासाठी नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची, फार मोलाची आहे.