सफारीत स्टीनबॉक, डुईकर, डिकडिक ओळखताना

आफ्रिकेतली ही छोटी हरणं धोका दिसला की आधी गोठतात, मग पळतात. त्यामुळे अख्खं जनावर शोधत बसलात तर काहीच दिसणार नाही. झुडपाच्या बुडाशी नजर ठेवा आणि हलणारा कान किंवा पायांच्या काटकुळ्या रेषा हेरा. गाडीचा वेग ताशी २० किमीच्या आत हवा, दुर्बीण ८×४२ (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) पुरते. दिसलं की गाडीत उभं राहू नका. माणसाचा आकार दिसला की खेळ संपला.

दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानात सर्वांत जास्त गल्लत होते ती स्टीनबॉक आणि साध्या डुईकरमध्ये. शिंगांवर जाऊ नका. स्टीनबॉकच्या मादीला ती नसतातच, डुईकरच्या मादीलाही सहसा नाहीत. चेहरा बघा. डुईकरच्या डोक्यावर केसांचा तुरा आणि कपाळाकडून नाकाकडे उतरणारा काळा पट्टा असतो. स्टीनबॉकला तुरा नाही. कान अवाढव्य, आतून पांढरे आणि त्यावर बोटांसारख्या गडद रेषा. पळतानाही फरक कळतो: डुईकर नागमोडी पळत झाडीत घुसतो, स्टीनबॉक बरेचदा थोडं अंतर जाऊन थांबतो आणि वळून बघतो. फोटो तेव्हाच काढा.

खडकावर खुरांच्या टोकांवर उभा दिसला तर तो क्लिपस्प्रिंगर, हेही एक छोटं हरीणच, त्यात शंका नको.

डिकडिक जेमतेम ५ किलोचं, लांबट लवचिक नाकाचं. ते बहुधा जोडीनं राहतं, म्हणून एक दिसलं की आसपास दुसरंही शोधा. हद्दीवर लेंड्यांचे ढीग सापडतात.