आधी ड्रेनेजचा उतार, मग इमारतींचे मजले

शहर झपाट्याने वाढतं तेव्हा घरं कमी पडतात आणि चटईक्षेत्र, म्हणजे एका भूखंडावर बांधता येणारं एकूण क्षेत्र, वाढवून देण्याची मागणी होते. मागणी रास्तच आहे. बांधकाम रोखलं म्हणून माणसं यायची थांबत नाहीत. ती लांब जाऊन राहतात आणि दर घरामागे पाइप, केबल, रस्ता जास्त लागतो. पण किती घरांना परवानगी द्यायची हे ठरवताना पहिला नकाशा ड्रेनेजचा उघडावा, असं माझं ठाम मत आहे. पाणी पंपाने चढवता येतं, वीज दुसऱ्या वाटेने आणता येते. मैला उताराने वाहतो, आणि वसलेल्या रस्त्याखालचा उतार नंतर बदलणं जवळपास अशक्य असतं.

हिशेब मांडून बघा. १००० घरं, घरात चार माणसं, माणशी रोज १५० लिटर पाणी: दिवसाला ६ लाख लिटर. त्यातलं साधारण ८० टक्के ड्रेनेजमध्ये येतं, म्हणजे सेकंदाला सरासरी साडेपाच लिटर. सकाळच्या गर्दीसाठी तिप्पट धरलं तर १७ लिटर. २०० मिलिमीटरचा पाइप १:२०० उतारावर (२०० मीटरला एक मीटर) काठोकाठ भरून सुमारे २३ लिटर नेतो. इथवर ठीक. त्याच लाइनवर आणखी १००० घरं जोडली की ३३ लिटर येतात आणि सखल भागातली चेंबरं उसळतात. ३०० मिलिमीटरचा पाइप त्याच उतारावर ६८ लिटर नेतो. खर्चाचा मोठा वाटा खोदाई, भराव आणि चेंबरांचा. तो दोन्हींत फारसा बदलत नाही.

म्हणून वाटेल तेवढा मोठा पाइप टाकावा असंही नाही. वस्ती विरळ असताना वेग सेकंदाला ०.६ मीटरच्या खाली गेला की गाळ बसतो, कुजतो, आणि त्यातून निघणारा वायू काँक्रीट पोखरतो. सुरुवातीची वर्षं ठरावीक दिवसांनी लाइन फ्लश करावीच लागते. शिवाय १:२०० म्हणजे किलोमीटरला ५ मीटर खोली. पुढे कुठेतरी पंपिंग स्टेशन येणारच. त्याचा भूखंड आराखड्यातच राखून ठेवला नाही, तर ऐन वेळी सखल भागात जागा मिळत नाही.

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट गच्चीच्या पन्हाळींची. तासाला ६० मिलिमीटर पाऊस असेल तर १००० चौरस मीटरच्या गच्चीवरून सेकंदाला सुमारे १७ लिटर पाणी उतरतं. वरच्या हिशेबातल्या हजार घरांच्या सकाळच्या मैल्याइतकं! अशी एक पन्हाळ ड्रेनेजला जोडली की लाइनची उरलेली क्षमता संपली. पावसाचं पाणी वेगळ्या गटारातच जायला हवं. तेही मोजूनच: १० हेक्टर मोकळ्या जमिनीवरून या पावसात सेकंदाला अर्धा घनमीटर पाणी निघत असेल, तर तिथे छपरं आणि डांबर आल्यावर सव्वा घनमीटरच्या वर जातं. हा फरक थोपवायला तळं किंवा टाकी त्याच आवारात हवी.

जुन्या भागात मजले वाढवण्याआधी पहाटे २ ते ४ दरम्यान चेंबरमधला प्रवाह मोजा, कोरड्या दिवसांत एकदा आणि पावसाळ्यात एकदा. माणसं झोपलेली असतानाही पाइप अर्धा भरलेला दिसला, तर सांध्यांतून भूजल शिरतंय असं समजावं. तिथे आधी गळती बुजवा. नवा पाइप न टाकताही बऱ्याच घरांची सोय होते.