पाऊण सोने

गेला महिनाभर मी एका घड्याळाचा विचार करतो आहे, आणि एवढा विचार मी मुलीच्या स्थळाचाही केला नव्हता, असे घरी ऐकून घेतो आहे. घड्याळ ओमेगा कंपनीचे, 'कॉन्स्टेलेशन' या नावाचे, साठच्या दशकातले, अठरा कॅरेट सोन्याचे आणि वापरलेले आहे. छत्रपती संभाजीनगरात शहागंजच्या घड्याळाच्या मनोऱ्यापासून पाचेक मिनिटांवर एक जुना वाडा आहे. तिथल्या वकीलसाहेबांनी ते आपल्या उमेदीच्या काळात हैदराबादहून आणले होते. वकीलसाहेबांना जाऊन बरीच वर्षे झाली. त्यांच्या चिरंजीवांना ते आता विकायचे आहे, कारण नातवंडांना मनगटावर पावले मोजणारे यंत्र पुरते. मी परभणीचा निवृत्त मुख्याध्यापक; ग्रॅच्युइटीतून घराची गच्ची गळायची थांबवली, मुलीचे लग्न झाले, आणि उरलेल्या रकमेकडे पाहताना आयुष्यात पहिल्यांदाच मनात एक निरुपयोगी इच्छा आली.

अशा वस्तूला 'सेकंड हँड' म्हणायचे नसते, 'प्री-ओन्ड' म्हणायचे असते, असे माझ्या पुण्याच्या भाच्याने मला बजावले आहे. आमच्या भागात यासाठी अधिक नेमका शब्द आहे: बिजवर. स्थळ बिजवर निघाले की बैठकीत कोणीतरी वडीलधारे खाकरून विचारतेच, की पहिलीचे काय झाले. मीही तेच विचारत होतो, फक्त जरा आडवळणाने. वकीलसाहेब हे रोज घालायचे की सणावारी, कधी पाण्यात पडले होते का, शेवटचे उघडले केव्हा, मधल्या काळात ते चालू होते की कपाटात निजलेले होते, असे सगळे विचारून झाले. चिरंजीव सज्जन आहेत; बहुतेक प्रश्नांना त्यांनी चहा मागवून उत्तर दिले.

खरी अडचण घड्याळाची नव्हती, सोन्याची होती. मराठवाड्यात सोने घेतले जाते दागिना म्हणून आणि मोडले जाते बियाणे म्हणून. कापूस विकला गेला की सराफ्यात गर्दी होते, आणि मृगाच्या तोंडावर त्याच ओट्यावर तीच माणसे खाली मान घालून बसलेली दिसतात. त्यामुळे सोन्याची कोणतीही वस्तू पाहिली की ती अंगावर कशी दिसेल याआधी ती मोडली तर किती येतील, हा हिशोब आमच्या मनात आपोआप सुरू होतो, आणि त्यात कंजूषपणा नसतो, पावसाचा अनुभव असतो. मलाही त्या हिशोबातून सुटका नव्हती. म्हणून चिरंजीवांना घेऊन मी आधी एका घड्याळजींकडे गेलो, त्यांनी आतले यंत्र हलक्या हाताने बाहेर काढून काचेच्या झाकणाखाली ठेवले, आणि रिकामे कवच व त्याचे झाकण घेऊन आम्ही तिघे सराफ्यात पोचलो.

सराफांनी कसोटीवर घासले, काट्यावर ठेवले आणि अठरा ग्रॅम सांगितले. "पण सर, चोवीसात अठरा," ते म्हणाले, "म्हणजे हे पाऊण सोनं झालं." बावीस कॅरेटखालच्या सोन्याकडे आमच्याकडे पातळ दुधाकडे पाहावे तसे पाहतात, त्यात पुन्हा या सराफांना जुन्या जखमेची आठवण झाली. चीनच्या युद्धानंतर, जानेवारी १९६३ मध्ये, सरकारने चौदा कॅरेटच्या वरचे दागिने घडवायला बंदी केली होती, आणि तेव्हा त्यांच्या वडिलांच्या पेढीवर काम करणारे दोन कारागीर उपाशी राहायला नको म्हणून शेतमजुरीला गेले होते. त्याच सुमारास कोणी वकील हैदराबादला जाऊन मनगटावर अठरा कॅरेट बांधून आले होते, हे ऐकून त्यांना वकीलसाहेबांविषयी एकदम आदर वाटला. आदर वाटला तरी घट वजा करून त्यांनी जो आकडा सांगितला, तो चिरंजीव मागत असलेल्या रकमेच्या निम्म्याहूनही कमी होता. "मग बाकीचे पैसे कशाचे?" त्यांनी विचारले. प्रश्न रास्त होता, आणि त्याचे उत्तर सराफ्यात मिळण्यासारखे नव्हते.

ते घड्याळजींकडे मिळाले. त्यांनी भिंग डोळ्याला लावले आणि मला झाकणाची आतली बाजू दाखवली. तिथे एका स्त्रीच्या मस्तकाची इवलीशी मुद्रा होती. ती हेल्वेशिया, म्हणजे स्वित्झर्लंड देशाचे स्त्रीरूपातले प्रतीक, आणि १९९५ पूर्वीच्या स्विस घड्याळांत ती अठरा कॅरेटची खूण. चौदा कॅरेटच्या घड्याळात तिच्या जागी खार असते, आणि नुसता सोन्याचा पत्रा चढवलेला असेल तर बहुधा त्या पत्र्याची जाडी सांगणारा मायक्रॉनचा आकडा. झाकणाच्या बाहेरच्या बाजूला वेधशाळेचा घुमट आणि त्याच्यावर आठ तारे कोरलेले. तबकडी उपड्या ठेवलेल्या परातीसारखी, कडेला पैलू पाडलेली, आणि सुदैवाने ती कोणी नव्याने रंगवलेली नव्हती. तसे असते तर त्यांनी मला तिथूनच परत पाठवले असते. यंत्रात चोवीस खडे आहेत आणि ते सेकंदाला साडेपाच ठोके देते, तासाला १९,८००. सध्या मात्र तेल वाळल्यामुळे दिवसाला दोन मिनिटे मागे पडते. एवढ्या वयात तेवढे मागे पडण्याचा हक्क मलाही हवा आहे.

पण मला ज्याने धरून ठेवले ते वेगळेच होते. झाकणाच्या आत, त्या मुद्रेच्या आजूबाजूला, सुईने ओरखडावीत तशी बारीक अक्षरे आणि आकडे होते. जो कारागीर घड्याळ साफ करतो, तो आपली खूण आणि पुष्कळदा तारीख आत अशी कोरून ठेवतो, म्हणजे पुन्हा आले तर आपले काम ओळखू यावे. मी पाच नोंदी मोजल्या. पहिल्या तीन एकाच हाताच्या होत्या, चौथी उर्दू अक्षरांत, आणि शेवटची १९९१ ची. त्यानंतर कोरे सोने. कोणा माणसाची नियमित सवय कोणत्या वर्षी थांबली, हे दागिना सांगत नाही.

दागिना सांगत नाही, कारण त्याला बोलू दिलेच जात नाही. सोन्याला विटाळ नाही असे आपण म्हणतो, ते याच आधारावर, की मुशीत घातले की कोणाच्या गळ्यातले, कोणत्या घरातले, कोणत्या संकटात विकलेले, हे सगळे जळून जाते आणि उरते ते कोणाचेच नसलेले सोने. म्हणून मेलेल्या माणसाची साखळी आटवून मुलाच्या लग्नात अंगठी करताना आपला हात थरथरत नाही. घड्याळाचे नेमके उलटे आहे. ते आटवले की मागितलेल्या रकमेच्या निम्मी किंमतही उरत नाही. म्हणजे वरचे सगळे पैसे ते न आटवण्याचेच आहेत. एवढेच काय, कोणी हौसेने नुसते चकचकीत करून आणले तरी पट्टा अडकवायच्या चार कानांच्या धारदार कडा गोलसर होतात, मुद्रा पुसट होतात, आणि जाणकार किंमत खाली आणतो. ज्या वस्तूवरचे ओरखडे जपायचे असतात अशी सोन्याची वस्तू मी यापूर्वी पाहिली नव्हती.

नाही, एक पाहिली होती. बहात्तरच्या दुष्काळात मी दहा वर्षांचा होतो. वडील रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात आणि आम्ही पोरे सुकडीच्या रांगेत उभे राहत असू. आजीची पैठणी होती, पैठणलाच विणलेली, खऱ्या जरीची, म्हणजे चांदीच्या तारेवर सोन्याचा मुलामा. जुनी जर विकत घेणारा एक माणूस गावात आला. त्याने नेसण्याजोग्या त्या लुगड्याचे पदर आणि काठ कापून घेतले आणि आमच्याच अंगणात जाळले. रेशमाचा वास केस जळल्यासारखा येतो. राखेतून सुपारीएवढा गोळा निघाला, त्याचे वजन झाले, पैसे मिळाले, आणि त्या पैशांची ज्वारी आम्ही खाल्ली. त्या व्यवहारात चूक कोणाचीच नव्हती. पण पदरावरच्या मोरांची किंमत कोणीच केली नाही, कारण ती करणारा माणूस त्या वर्षी आमच्या जिल्ह्यात नव्हता.

हे सगळे मी पत्नीला सांगितले नाही, तिने एवढेच विचारले, "बाबांनी दिलेल्या घड्याळाला काय झालं?" तिच्या वडिलांनी आमच्या लग्नात, १९८७ साली, सायकल, अंगठी आणि एचएमटीचे चावीचे घड्याळ दिले होते. सायकल गेली, अंगठी पेरणीला गेली, एचएमटी मात्र अजून चालते, आणि ज्या कंपनीने ते केले तिच्यावरच २०१६ मध्ये बंद व्हायची वेळ आली. मी म्हणालो, त्याला काहीच झालेले नाही. ती म्हणाली, मग? या 'मग'ला माझ्याकडे आजही उत्तर नाही. एवढ्या पैशांत दोन पाटल्या होतील, हे वाक्य तिने उच्चारलेदेखील नाही. ते तिने फक्त मनगटाकडे पाहून सुचवले.

चिरंजीवांना सगळी रक्कम रोख हवी होती. दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख घ्यायला कायद्याने मनाई आहे, हे मुख्याध्यापकी सुरात समजावून मी चेकवर आणले, आठ दिवसांची मुदत मागितली, आणि नवव्या दिवशी चेकबुक घेऊन सकाळच्या गाडीने निघालो. मनाचा कौल अजून झालेला नव्हता. पण चेकबुक खिशात असले म्हणजे मन काय म्हणते ते स्पष्ट ऐकू येते, असा माझा समज होता.

चिरंजीवांनी हसतमुखाने डबी पुढे केली. "सर, तुमच्यासाठी खास चमकवून ठेवलंय," ते म्हणाले. कोणा ओळखीच्या कारागिराकडून त्यांनी ते मागून-पुढून पॉलिश करून आणले होते. घड्याळ नव्या नवरीसारखे झळकत होते. कानांच्या कडा मऊ झाल्या होत्या, घुमट गुळगुळीत झाला होता, आणि आठ ताऱ्यांपैकी मला पाचच मोजता आले. मी काही न बोलता घड्याळजींकडे चला म्हणालो. त्यांनी झाकण उघडले, उजेडात तिरके धरले, आणि भिंग माझ्या हातात दिले. आतल्या बाजूला पॉलिशचे मशीन पोचलेले नव्हते. पाचही नोंदी जागच्या जागी होत्या.

मी चेकबुक काढले आणि गेलेल्या तीन ताऱ्यांचे पैसे वजा करा म्हणालो. चिरंजीवांना ते पटले नाही. त्यांचे म्हणणे असे, की पॉलिशचे आठशे रुपये उलट मीच वर द्यायला हवेत. सध्या बोलणे तिथे अडले आहे.