स्प्राइटचे संच विकताना

स्प्राइटचा, म्हणजे संगणकीय खेळातील पात्रांच्या ठिपक्याठिपक्यांनी काढलेल्या (पिक्सेल आर्ट) छोट्या चित्रांचा, संच विकायला ठेवताना आपले गिऱ्हाईक खेळाडू नसून खेळ बनवणारा आहे, हे मी सतत ध्यानात ठेवतो. त्याला देखण्या चित्राइतकीच विनातक्रार चालणारी फाइल हवी असते. १६ बाय १६ पिक्सेलच्या चौकटीत चालणारा माणूस काढायचा, तर डोळा एका पिक्सेलवर भागवावा लागतो. पाऊल टाकताना डोके एक पिक्सेल खाली गेले, तर चालीला जिवंतपणा येतो, पण टेकलेल्या पायाची ओळ तेवढीच हलली, तर तोच माणूस जमिनीत रुतल्यासारखा दिसतो. म्हणून सगळ्या पात्रांची तळरेषा एक, रंगांचा संचही एक, आणि पारदर्शक पीएनजी मूळ आकारातच द्यावी. युनिटी या खेळ बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये चित्राचे फिल्टर ‘पॉइंट’वर न ठेवल्यास कडा धूसर होतात, हेही सोबतच्या टिपणात लिहावे.

इच डॉट आयओ या खेळ व खेळांचे साहित्य विकण्याच्या संकेतस्थळाला विक्रीतला किती वाटा द्यायचा हे विक्रेताच ठरवतो. युनिटीच्या असेट स्टोअर या ऑनलाइन दुकानात मात्र विक्रीतले ३० टक्के जातात.

परवान्याकडे बरेच चित्रकार दुर्लक्ष करतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. एकच संच अनेकांना विकला जात असल्याने व्यावसायिक खेळात वापर चालेल, रंग बदलता येतील, परंतु मूळ फाइली पुन्हा विकता येणार नाहीत, हे सोप्या भाषेत लिहायलाच हवे. केनीसारखे कलाकार सीसी-झिरो परवान्याखाली, म्हणजे कुणीही कसेही वापरावे अशा मुभेने, उत्तम चित्रे मोफत देत असताना पैसे मोजणारा माणूस एकाच शैलीतील भरपूर साहित्य शोधत असतो, त्यामुळे जुन्या संचात नवी पात्रे घालत राहणे मला नवा संच काढण्यापेक्षा महत्त्वाचे वाटते.